प्रुनेतच्या मुलांचे दहापैकी दहा

झाम्फिराबाईंना जिल्ह्यातल्या कोंबड्या तोंडपाठ होत्या. कोंबड्या, डुकरिणी, मधमाश्यांच्या पेट्या, फळ देणारी आणि न देणारी आलुबुखाराची झाडं, सगळंच. जिल्ह्याच्या सांख्यिकी कचेरीत त्यांची चौतीस वर्षं झाली होती, आणि त्यांचा आकडा चुकला असं म्हणायची कुणाची छाती झाली नव्हती. कचेरीतल्या पोरी माघारी म्हणायच्या, "बाईंना स्वप्नंसुद्धा रकाने पाडून पडत असतील." ते बाईंच्या कानावर आलं होतं. त्यात टोचण्यासारखं काय आहे, हे मात्र त्यांना कळलं नव्हतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नेगोइत्सासाहेबांनी त्यांना आत बोलावलं. साहेब गोलमटोल, स्वभावाने गरीब. पण राजधानीतल्या बैठकीहून परतले की दोन दिवस तापातून उठल्यासारखे दिसायचे. टेबलावर एक जाडजूड पुस्तक उघडं पडलं होतं. देशातली मुलं कशी आहेत, खातात-पितात किती, शिकतात किती, सुखात आहेत का, याचा तो वार्षिक अहवाल.

"वाचा. आपली ओळ."

बाईंनी चष्मा चढवला. 'मुलांचं स्वतःच्या आयुष्याबद्दलचं समाधान, दहापैकी, जिल्हावार.' शेजारच्या जिल्ह्यापुढे आठ पूर्णांक नऊ. त्यांच्या जिल्ह्यापुढे तीन टिंबं.

"टिंबं आहेत," बाई म्हणाल्या.

"ती मलाही दिसतायत! भर बैठकीत शेजारचा तो लांबुडका मला काय म्हणाला, ठाऊक आहे? म्हणाला, 'नेगोइत्सा, तुझ्याकडे मुलं आहेत ना रे, की नुसत्याच कोंबड्या?' अख्खी बैठक हसली. कॉफी आणणारी बाईसुद्धा हसली."

बाईंनी चेहरा हलू दिला नाही. "कोंबड्यांचा आकडा आपला देशात सगळ्यात चोख आहे, साहेब."

"तेच तर! कोंबडी किती अंडी देते ते आपल्याला ठाऊक, आणि पोरांचं विचारलं की टिंब, टिंब, टिंब. झालं काय नेमकं?"

झालं होतं ते बाईंनी सांगितलं. पाहणीसाठी जिल्ह्यातल्या चार शाळा निवडल्या होत्या. यादी छापून येईपर्यंत त्यातल्या दोन पोरांअभावी बंद पडल्या. तिसरीचे कागद रस्ता खचल्यामुळे महिनाभर उशिरा पोचले. उरली प्रुनेत गावची शाळा. तिथल्या एकोणीसच्या एकोणीस मुलांनी दहापैकी दहा लिहिले होते. राजधानीतल्या यंत्राने ठरवलं, हे एकाच माणसाने बसून खरडलंय, आणि सगळा गठ्ठा बाद केला.

"मास्तरानेच खरडलं असणार," साहेब म्हणाले. "जा तुम्ही. पुरवणी छापायला अजून तीन आठवडे आहेत. मला टिंबाच्या जागी आकडा हवा. कुठलाही!"

"कुठलाही कसा चालेल? जो असेल तो."

"तोच हो. जो असेल तो. पण असू दे."

गुरुवारी सकाळच्या बसने बाई प्रुनेतला पोचल्या. शाळा म्हणजे दोन खोल्या, मध्ये मातीची भट्टी, आणि दोन्ही खोल्यांना मिळून एक मास्तर. पाम्फिल गुरुजी पन्नाशीचे, हाडकुळे, एका खोलीत भूगोल सांगता सांगता दुसऱ्या खोलीतलं भांडण सोडवणारे. बाईंनी बसताबसताच विचारलं, "खरं सांगा गुरुजी, गेल्या वर्षीचे कागद तुम्हीच भरलेत ना?"

"देवाशपथ नाही, बाई. एकेका पोराने आपापल्या हाताने भरलाय."

"एकोणीस पोरं, आणि सगळी दहापैकी दहा सुखी? आमचे साहेब सुट्टीच्या दिवशीसुद्धा एवढे नसतात."

गुरुजींनी कान खाजवला. "लिहिताना प्रत्येकाच्या शेजारी आजी बसली होती."

"आज्यांना बोलावलंत कशाला?"

"बोलावतंय कोण? गावात सरकारी कागद आला की त्यांना वास लागतो. ते बघा."

खिडकीबाहेर डोक्याला रुमाल बांधलेल्या दहा-बारा म्हाताऱ्या विणकामाच्या पिशव्या घेऊन फाटकातून आत येत होत्या. पुढे काठी आपटत एक बुटकी बाई. तिला सारा गाव साफ्ताआजी म्हणायचा, आणि तिच्यापुढे गावचा पाद्रीसुद्धा जपून बोलायचा. आल्या आल्या तिने झाम्फिराबाईंना आपादमस्तक न्याहाळलं.

"तू का ती कचेरीवाली? गेल्या वर्षी दहा लिहून पाठवले ते कमी पडले वाटतं तुम्हाला? अगं, कागदावर अकराची सोय नव्हती, नाहीतर अकरा लिहिले असते!"

"आजी, मुलांना एकटं बसून लिहायचंय. तसा नियमच आहे."

"मग बसू देत की एकटी. आम्ही आपल्या बाजूला बसतो."

"तुम्ही बाजूला बसलात तर ती एकटी कशी?"

"आम्ही एक अक्षर बोलणार नाही."

"गेल्या वर्षीही बोलल्या नव्हत्या," गुरुजी भट्टीकडे बघत म्हणाले. "नुसत्या बघत होत्या."

झाम्फिराबाईंनी क्षणभर विचार केला. वाद घालून या बायका हलणार नाहीत हे त्यांना दिसत होतं. चौतीस वर्षं त्या अशाच अंगणांतून फिरल्या होत्या. त्यांनी पिशवीतून दुसरा गठ्ठा काढला आणि सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "बरं झालं सगळ्या आयत्याच भेटलात. वसंतातली कोंबड्यांची मोजणीही उरकून घेऊ. गुरुजी, तुम्ही पलीकडच्या खोलीत एकेकीला विचारून लिहून घ्याल ना?"

कोंबड्यांचं नाव निघताच म्हाताऱ्यांचे चेहरे पालटले. प्रुनेतमध्ये कोंबडी सांगायची म्हणजे सोपं काम नव्हतं. कुणी किती सांगितल्या, शेजारणीने आपल्या किती सांगितल्या, आपलं खोटं तिच्या खोट्याशी जुळतं का, हे सगळं डोळ्यांत तेल घालून बघावं लागायचं. कोंबड्या सांगायच्या त्या कमी आणि नातवंडांचं सुख सांगायचं ते जास्त, ही तिथली रीत होती. सरकारला चार हात लांब ठेवायला दोन्ही कामाला यायचं. साफ्ताआजीने एकवार नातीकडे पाहिलं, एकवार पलीकडच्या दाराकडे पाहिलं. तिची शेजारीण आधीच दाराकडे निघाली होती. "थांब गं, तुझं मी ऐकणार आहे," म्हणत साफ्ताआजी काठी टेकत तिच्यामागे गेली.

बाईंनी मधलं दार लावून घेतलं.

एकोणीस मुलं त्यांच्याकडे बघत होती. सगळ्यात लहान दहा वर्षांचं, सगळ्यात मोठं चौदाचं. बाईंनी कागद वाटले, पेन्सिली वाटल्या आणि पहिला प्रश्न मोठ्याने वाचला, "शून्य म्हणजे सगळ्यात वाईट आयुष्य आणि दहा म्हणजे सगळ्यात चांगलं. तुम्ही कुठे आहात?"

एक हात वर झाला. लांब वेणीची, बारीक डोळ्यांची, अकरा वर्षांची पोर. इलिंका. साफ्ताआजीची नात, हे तिच्या हनुवटीवरूनच कळत होतं.

"बाई, हे आजीला दाखवणार?"

"नाही."

"गुरुजींना?"

"नाही."

"मग कुणाला?"

"राजधानीत एक यंत्र आहे. ते सगळ्यांचे आकडे एकत्र करतं. तुझा कुठला, ते त्यालाही कळत नाही."

इलिंकाने विचार केला. "म्हणजे मी कुणालाच सांगत नाहीये."

"सगळ्यांना थोडं थोडं सांगतेयस," बाई म्हणाल्या आणि स्वतःच चकित झाल्या. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे वाक्य कुठेच नव्हतं.

मग पेन्सिली चालू लागल्या. पलीकडून साफ्ताआजीचा आवाज भिंत ओलांडून येत होता: "सातच म्हणते ना मी! ती आठवी माझी नाही, ती नुसती येते!" मुलं हसली, पण खाली मान घालून लिहीत राहिली. कुणी लिहिलं, कुणी खोडलं. मागच्या बाकावरच्या दोघी बहिणींनी तर विचारलं, रविवारचा वेगळा आकडा लिहिला तर चालेल का?

"रविवारचा वेगळा का?"

"रविवारी आई फोन करते," थोरली म्हणाली. "एरवी आम्ही आठ असतो. फोन ठेवला की चार."

बाई म्हणाल्या, एकच लिहायचा. दोघींनी कुजबुजत हिशेब केला आणि सात लिहिले.

चौथ्या प्रश्नावर गाडं अडलं. 'तू कुणाबरोबर राहतेस?' पुढे चार चौकटी: आईवडील दोघं, फक्त आई, फक्त वडील, बालगृह.

"आजी नाहीये," इलिंका म्हणाली.

"कुठे नाहीये?"

"ह्याच्यात. आजी कुठल्याच चौकटीत नाहीये."

"माझीपण नाही!" पलीकडच्या बाकावरून एकजण ओरडला. "माझी मावशी नाही." "माझी आई आहे, पण ती इटलीत, बोलोन्यात आहे. खूण करू का तिथे?"

"गेल्या वर्षी काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"आजीने 'आईवडील दोघं'वर बोट ठेवलं," इलिंका म्हणाली. मग अगदी समजुतीच्या सुरात, जणू बाईंनाच धीर द्यायचा होता, "तिचंही बरोबरच होतं. दुसरं कुठे ठेवणार?"

बाई उभ्याच राहिल्या. चौतीस वर्षांत त्यांनी छापील कागदावर एक रेघ जास्तीची मारली नव्हती. समासात लिहिणाऱ्या पोरींना त्यांनी पार रडवलं होतं. पण समोर एकोणीस पेन्सिली थांबल्या होत्या. त्यांनी पट्टी काढली, एकेका बाकापाशी जाऊन एकेका कागदावर पाचवी चौकट आखली आणि पुढे लिहिलं: आजी, आजोबा किंवा दुसरं कुणी. चौकटी मात्र छापील असाव्यात इतक्या सरळ आखल्या. तेवढं त्यांना सोडवलं नाही. बारा मुलांनी तिथे खूण केली.

इलिंकाच्या बाकापाशी त्या पोचल्या तेव्हा तिने वर बघून विचारलं, "बाई, तुमच्या घरी आहे का कुणी लहान?"

"आहे. नात. तेरा वर्षांची."

"तिने किती लिहिले?"

"तिची शाळा यादीत आली नाही."

"पण तुम्ही विचारलं असेलच ना. तुमचं तर कामच आहे हे."

आजूबाजूच्या चार-पाच माना वर झाल्या. बाईंनी पट्टी उगीचच पुसली. "पुढचा प्रश्न वाचा," त्या म्हणाल्या, आणि तो त्यांनी स्वतःच वाचला, नको इतक्या मोठ्याने.

खरं म्हणजे बाईंनी कसांद्राला कधीच विचारलं नव्हतं. त्यांची मुलगी ओल्गुत्सा पाच वर्षांपासून स्पेनमध्ये एका आजारी म्हाताऱ्याची देखभाल करत होती. जावई त्याच्याही आधी नाहीसा झाला होता. 'एक वर्ष' म्हणून कसांद्रा आजीकडे राहिली ती राहिलीच. आणि जनगणनेच्या वेळी, जेव्हा बाईंनी स्वतःच्या घरचा कागद स्वतःच्या सुंदर अक्षरात भरला, तेव्हा त्यांनी मुलीच्या नावापुढे लिहिलं होतं: घरी राहते. उद्या-परवा येईलच ती, असं त्या तेव्हा स्वतःला म्हणाल्या होत्या. एक आकडा, त्याने काय होतंय?

कागद गोळा करून, लखोटा चिकटवून बाई बाहेर आल्या तेव्हा पाम्फिल गुरुजींना घाम फुटला होता. साऱ्या गावात मिळून त्रेचाळीस कोंबड्या निघाल्या होत्या; गुरुजींच्या म्हणण्याप्रमाणे, तेवढ्या तर एकट्या साफ्ताआजीच्या अंगणात होत्या.

बस यायला वेळ होता. साफ्ताआजी थांब्यापर्यंत त्यांच्याबरोबर चालत आली आणि बाकावर शेजारी बसली. तिने विणकाम काढलं, दोन टाके घातले आणि परत पिशवीत ठेवलं. तिच्या बाबतीत ते जरा काळजी करण्यासारखंच होतं.

"माझीने किती लिहिले?" शेवटी तिने विचारलं.

"सांगता येत नाही, आजी. कायदा आहे."

"म्हणजे दहा नाहीत."

"मी असं म्हटलं नाही."

"दहा असते तर तुला कायदा आठवला नसता."

बाईंनी लखोटा पिशवीत खोल सरकवला. आजीने काठी गुडघ्यांवर आडवी घेतली. "काय कमी केलं गं मी तिला? सकाळी उठायच्या आधी भट्टी पेटवलेली असते. मोजे मी विणते. आईला फोनवर बघून रडायला लागली की दूध-साखर घालून मक्याच्या पिठाची मामालिगा करते, खाते, गप्प होते. आणखी काय करतात?"

"तुम्ही कमी केलं असं कुणीच म्हणत नाहीये."

"आणि आई इथं नाही असं लिहिलं असेल तिने, तर? माणसं येतील कचेरीतून. म्हणतील, म्हातारी सत्याहत्तर वर्षांची, हिच्याकडे पोर कशी ठेवायची? गाडीत घालून नेतील."

"त्यावर नावच नाहीये, आजी."

"कोंबड्यांच्या वेळीही असंच म्हणाला होतात. दोन महिन्यांत तो डॉक्टर सुया घेऊन दारात!"

"ते कोंबड्यांच्या भल्यासाठी होतं."

"कोंबड्यांना विचारलं होतंत?"

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता, का कोण जाणे, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "साफ्ताआजी, माझी मुलगी पाच वर्षं स्पेनमध्ये आहे. नात माझ्याकडे असते. आणि जनगणनेला मी लिहिलं, आई घरी राहते म्हणून."

साफ्ताआजीने मान वळवली. "तू?"

"मी."

"कचेरीवाली?"

"चौतीस वर्षं."

"म्हणजे कुंपणच शेत खातंय की गं!" आणि म्हातारी हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रस्त्यापलीकडचं कुत्रं उठून बघायला लागलं. मग रुमालाच्या टोकाने डोळे पुसत तिने विचारलं, "पण तू कशाला केलंस? तुला तर ठाऊक, नाव कुठे जातं, कुठे जात नाही."

"भीती नव्हती तेवढी. लाज वाटली. आपल्या घरात असं आहे, हे आपल्याच अक्षरात बघायची."

"हं," साफ्ताआजी म्हणाली. "अक्षर चांगलं असलं की असे ताप होतात."

बस आली. आजीने पिशवीतून रुमालात बांधलेल्या चार प्लाचिंता काढून त्यांच्या हातात कोंबल्या, आलुबुखाराचा मुरंबा भरलेल्या पोळ्या, अजून कोमट. "दोन तुझ्या नातीला. आणि विचार तिला. मला उपदेश करत होतीस ना, एकटं बसू द्या म्हणून? आता बस तू बाहेर."

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाईंनी एक कोरा कागद कसांद्रापुढे ठेवला. कसांद्रा उंच, आईसारखीच, आणि भुवया उंचावण्यात आईच्याही वरचढ होती.

"हे काय?"

"पाहणी आहे. तू भर. मी स्वयंपाकघरात बसते. दार लावून घेते."

"माझी शाळा यादीत आहे?"

"नाही."

"मग हा कागद कुठे जाणार?"

बाईंनी कागदाची कड सरळ केली. कसांद्राने पेन्सिल उचलली, गालावर आपटली, परत ठेवली. "आजी, तुला हे कचेरीसाठी हवंय की तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठी."

"मग कागदाशिवाय विचार ना."

बाई समोर बसल्या. चौतीस वर्षं त्यांनी लोकांना प्रश्न विचारले होते, पण हातात कागद नसताना हात कुठे ठेवायचे हे त्यांना कळेना. शेवटी टेबलाची कड धरून त्यांनी विचारलं, "बरी आहेस का गं तू?"

"सात," कसांद्रा म्हणाली.

"बाकीचे तीन?"

"बघ, लगेच वजाबाकी!" पोर हसली. मग बोटं मोजत म्हणाली, "एक आईचा. तो तुलाही ठाऊकच आहे. दुसरा तुझा. आईचा फोन आला की आधी तू घेतेस आणि सांगतेस, सगळं छान आहे, अभ्यास छान, जेवण छान. मग फोन माझ्या हातात देतेस. मला सांगायला काय उरतं?"

"मी... तिला तिकडे काळजी नको म्हणून."

"ठाऊक आहे. म्हणून तर एकच कापला."

"आणि तिसरा?"

"तिसरा सांगणार नाही."

"का?"

"माझा आहे." तिने पाठीमागून उरलेल्या प्लाचिंतांचा रुमाल ओढून घेतला. "ह्या कुणी केल्या? तुझ्या नाहीत. तुझा मुरंबा पातळ असतो."

सोमवारी बाईंनी हिशेब मांडला. प्रुनेतची मुलं आणि उशिरा पोचलेल्या शाळेची मुलं मिळून जिल्ह्याचा आकडा आला सहा पूर्णांक चार. त्यांनी तो दोनदा तपासला, कागद राजधानीला रवाना केले आणि मग साहेबांच्या खोलीत गेल्या.

साहेबांनी आकडा पाहिला आणि खुर्चीत खचले. "सहा? शेजारी आठ पूर्णांक नऊ आणि आपण सहा?"

"पूर्णांक चार."

"अहो बाई, टिंबं होती तेव्हा निदान संशयाचा फायदा होता! परत टिंबं घालता येतील का?"

"टपाल गेलं, साहेब."

"कधी?"

"तुम्हाला दाखवायच्या आधी."

साहेबांनी सहीचं पेन खाली ठेवलं. चौतीस वर्षांत बाईंनी त्यांच्या सहीआधी एक पाकीट हलू दिलं नव्हतं. बाई शांतपणे पुढे म्हणाल्या, "आणि शेजारच्यांना एकच विचारा. आठ पूर्णांक नऊ लिहिले गेले, तेव्हा खोलीत आज्या किती होत्या?"

साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. बाई दाराबाहेर पडण्याआधीच त्यांनी फोन उचलला होता. आपल्या जिल्ह्यातली मुलं शेजाऱ्यांपेक्षा दुःखी असली तरी जास्त खरी आहेत, हा मुद्दा त्यांनी त्या लांबुडक्याला पाऊण तास समजावून सांगितला.

राजधानीने आकडा घेतला, पण पेन्सिलीची चौकट घेतली नाही. 'कुणाबरोबर राहतात' या तक्त्यात प्रुनेतची ती बारा मुलं 'माहिती उपलब्ध नाही' या ओळीत गेली. बाईंनी चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं, सूचनेची नोंद घेतली आहे. त्यांनी दुसरं पत्र लिहिलं, सहा पानी. त्याला उत्तर आलं नाही, तेव्हा तिसरं लिहायला घेतलं.

पण त्याआधी एक काम होतं. आई परदेशी असली तर मूल कुणाच्या हवाली आहे याचा अर्ज नगरपालिकेत द्यावा लागतो. पाच वर्षं न दिलेला तो अर्ज द्यायला बाई एका बुधवारी निघाल्या. आदल्या दिवशी पाम्फिल गुरुजींचा कोंबड्यांबद्दल फोन आला होता, तेव्हा बोलता बोलता बाईंनी त्यांना ते सांगितलंही.

खिडकीतला तरुण कारकून अर्ज भरून घेत होता. "आई कधीपासून बाहेर आहे?"

"पाच वर्षं."

"पाच वर्षं! आणि आज आलात? कुठे असता आपण?"

"सांख्यिकी कचेरीत."

कारकुनाचं पेन थांबलं. तो काही बोलणार तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि काठीचा आवाज आला. साफ्ताआजी, आणि तिच्यामागे प्रुनेतच्या आणखी पाच म्हाताऱ्या, चर्चला जायचे रुमाल बांधून.

"आजी, तुम्ही इथे?"

"गुरुजी म्हणाले, तू आज इथे येणार आहेस. म्हटलं, बघू या काय करतात हिला. तुला पकडून नेलं नाही, तर आम्हीही भरू." तिने खिडकीतून आत डोकावून कारकुनाला विचारलं, "काय रे बाळा, नेणार आहेस का हिला?"

"कुठे?" कारकून गोंधळून म्हणाला.

"नाही नेत," साफ्ताआजीने मागे वळून जाहीर केलं. "बसा गं."

कारकुनाकडे कोरे अर्ज चारच होते. पुढचे शुक्रवारी येतील, तेव्हा या, असं तो म्हणाला. साफ्ताआजी म्हणाली, आम्ही एका बसने आलोय आणि एकाच बसने जाणार. मग तो उठून वरच्या मजल्यावर प्रती काढायला गेला. पाचवा अर्ज लिहिता लिहिता त्याने हळूच झाम्फिराबाईंना विचारलं, गावात असे अजून किती आहेत? बाई म्हणाल्या, "ते जरा शोधावं लागेल." सगळं उरकेपर्यंत दुपारची बस गेली होती.

दुसरी बस संध्याकाळी पाचची. बाईंनी सगळ्यांना घरी नेलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत सहा म्हाताऱ्या, काठ्या, पिशव्या आणि दाराशी काढलेले सहा जोड बूट. साफ्ताआजीने स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि मामालिगेच्या पातेल्याला शिव्या घालायला सुरुवात केली. बूड पातळ, दांडा हलतो, यात शिजवलेलं अंगी कसं लागणार?

शाळेतून आलेली कसांद्रा दारातच उभी राहिली. "आजी, हे काय चाललंय?"

ती पुढे काही विचारणार तोच फोन वाजला. ओल्गुत्साचा. बाईंचा हात सवयीने पुढे गेला, फोन उचललाही. मग त्यांनी तो तसाच, काही न बोलता, नातीच्या हातात दिला. कसांद्राने त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली. दार अर्धंच लोटलेलं राहिलं.

बाई दाराजवळ बश्या मांडत राहिल्या. आतून कसांद्राचं हसू ऐकू आलं, मग बराच वेळ हळू आवाजातलं बोलणं. शब्द कळत नव्हते. बाईंनी कान दिला, पण स्वयंपाकघरात साफ्ताआजी ओरडत होती, मीठ कुठे ठेवतेस गं तू, या घरात काहीच जागेवर नाही, आणि बाई मीठ शोधायला गेल्या.